कागदावर उभी राहिलेली किन्शासा

श्रोतेहो, नमस्कार. ‘आफ्रोफ्यूचरिझम’, म्हणजे आफ्रिकन आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांचं भविष्य कल्पनेतून रंगवणारी कला, म्हटलं की हल्ली अवकाशयानं आणि भव्य सिनेमेच डोळ्यांपुढे येतात. मला मात्र आधी बोडिस इसेक किंगेलेझ आठवतो. काँगोच्या या कलावंतानं उद्याची आफ्रिका कागद आणि पुठ्ठ्यातून उभी केली.

त्याचा जन्म १९४८चा, किंबेम्बेले इहुंगा या खेड्यातला. देशावर तेव्हा बेल्जियमचं राज्य होतं. राजधानी किन्शासाचं नाव तेव्हा लिओपोल्डव्हिल. तिथं गोऱ्यांची वस्ती एका बाजूला, आफ्रिकनांची दुसऱ्या, आणि मधे मुद्दाम मोकळी ठेवलेली जमीन. शहर कसं वाढायचं ते राज्यकर्तेच ठरवत. तिथं राहणाऱ्या आफ्रिकनांना कुणी विचारत नसे. हे लक्षात घेतलं, की किंगेलेझचं काम नुसती हस्तकला वाटत नाही.

त्यानं किन्शासाच्या संग्रहालयात जुन्या मुखवट्यांची डागडुजी केली. कल्पनेतल्या इमारतीची पहिली छोटी प्रतिकृती घेऊन तो संग्रहालयात गेला, तेव्हा ती त्यानंच केली यावर तिथल्या लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी त्याला समोर बसवून दुसरी करायला लावली, असं सांगतात.

त्याच्या इमारती जवळून पाहाव्यात. पुठ्ठा, रंगीत कागद, प्लॅस्टिक, थंड पेयांचे डबे, बाटल्यांची झाकणं, आणि सगळं इतक्या सफाईनं कापलेलं की जोड शोधावा लागतो. १९९४ साली त्यानं आपल्या खेड्याचंच महानगर केलं, स्टेडियमसकट. १९९६ची ‘व्हिल फँटोम’ ही एका अख्ख्या नगरीची प्रतिकृती साडेपाच मीटरांहून लांब आहे. या नगरीत पोलिसांची गरजच नाही, असं तो सांगायचा.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९९१ची प्रतिकृती: एड्सच्या रुग्णांसाठी वैज्ञानिक रुग्णालय. एड्सवर खात्रीचा इलाज तेव्हा जगात कुठेच नव्हता. त्याच वर्षी किन्शासात सैनिकांनी दंगल करून शहर लुटलं. अशा वर्षी या माणसानं आजाऱ्यांसाठी रंगीबेरंगी, देखणी इमारत बांधली! आपल्या माणसांना उत्तम तेच मिळायला हवं, हा हक्क त्यानं कुणाच्या परवानगीची वाट न पाहता सांगितला. आफ्रिकेचं भविष्य म्हटलं की दुष्काळ आणि मदतीचे आकडे मोजणाऱ्यांनी ही इमारत जरूर पाहावी.

पॅरिसच्या १९८९च्या प्रदर्शनानं त्याला जगापुढे आणलं. २०१५ साली तो गेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०१८मध्ये, तीन वर्षं उशिरा. या प्रतिकृतींची छायाचित्रं इंटरनेटवर सहज सापडतात. शोधाल तेव्हा ते रुग्णालय आधी बघा.