आपल्यातली झाडीपट्टी

नमस्कार मंडळी. आपल्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळींच्या कमिटीने विषय दिलाय समाजातल्या उपसंस्कृतींचा, आणि मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजकडचा, त्यामुळे मी झाडीपट्टीवरच बोलणार हे माझ्या गाववाल्यांनी आधीच ओळखलं असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा पट्टा. दिवाळी झाली, धान घरात आलं, हातात चार पैसे आले की मंडई, म्हणजे गावची जत्रा सुरू, आणि तिथून होळीपर्यंत गावोगावी नाटकं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, दहा-अकराला पडदा उघडतो तो पार उजाडेपर्यंत. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचं मंडळ तिथे जाऊन बुकिंग करतं, तिकिटं गावच विकतं, नफा झाला तर गावाचा, बुडालं तरी गावाचंच. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे येतात, शेजाऱ्याच्या ओसरीवरपण अंथरुणं पडतात आणि तेवढ्यात दोन-चार पोरींचे बघण्याचे कार्यक्रमही उरकतात. थंडीत लोक चादरी गुंडाळून बसलेले, पोरं मांडीवर झोपलेली, गाणं आवडलं की वन्स मोअर, आणि हसवणारा नट आला की झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात.

आता पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात हे नाटक फार लाऊड असतं. अहो, उघड्या मैदानात रात्री दोन वाजता शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोचायचंय, तिथे आवाज आणि हातवारे मोठेच लागतात, आणि चांगलं काय वाईट काय हे ठरवायला ती आजी समर्थ आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी त्यांचं नाव ऐकलं, झाडीत ते कितीतरी आधीपासून घराघरात माहीत होते. मला वाटतं उपसंस्कृतीचा अर्थ इथेच आहे, तिला स्वतःचा प्रेक्षक असतो, स्वतःचा पैसा असतो आणि स्वतःची पारख असते. मोठ्या संस्कृतीच्या खालची पायरी म्हणून तिच्याकडे बघितलं की यातलं काहीच दिसत नाही. 2014 ला कोर्टाच्या बंदीने शंकरपट काही वर्षं थांबले होते, तरी लोक नाटकाला येतच राहिले.

आणि झाडीतपण सगळे एका साच्यातले नाहीत. एकाच गावात कोणी खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतो, गोंड कुटुंबं माघ पौर्णिमेला कचारगडला, त्यांच्या तीर्थाला जातात, बौद्ध मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, आणि मंडईच्या रात्री हे सगळे एकाच पडद्यासमोर बसलेले असतात. कोणाला आपलं काही सोडून यावं लागत नाही.

इथे परदेशात आपण सगळेच उपसंस्कृती आहोत. पोरांच्या शाळेने दिवाळी समजून घ्यावी, आपली नावं नीट उच्चारावीत, असं आपल्याला वाटतं ना? मग तालमीत एखादी गोंदियाची पोरगी "मले नाई जमत" म्हणाली की तिला लगेच "नीट बोल" का म्हणतो आपण? ती नीटच बोलते, तिच्या आजीसारखं बोलते. मी हे दोन-तीनदा पाहिलंय आणि त्यानंतर ती पोरगी गप्प गप्प राहते, मला ते फार लागतं.

म्हणून कमिटीला माझी विनंती आहे, यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात अर्धा तास झाडीबोलीतल्या नाटकाला द्या, आणि त्याची भाषा कोणी सुधारायची नाही. एक प्रवेश मी लिहून ठेवलाय. हार्मोनियम आणि तबला वाजवणारे लागतील, ऑर्गन कोणाकडे असेल तर फारच उत्तम. नट कुठलेही चालतील, कोल्हापूरचे, नाशिकचे, बोली आम्ही शिकवू. जेवणाच्या ब्रेकमध्ये मला भेटा, नावं लिहून घेतो.