धावपटूच्या वहीतलं एक वर्ष

दृश्य : टेबलावर दोनशे पानी वही. पट्टीने आखलेले रकाने. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतंय.

निवेदन : तारीख, अंतर, वेळ. उठल्या उठल्या मोजलेली नाडी. झोप किती झाली, हवा कशी होती, कुठे दुखलं, बूट कोणते होते. एका धावेला एक ओळ. आठवड्यातले पाच-सहा दिवस पळणाऱ्या स्पर्धकाच्या वहीत वर्षाकाठी अशा अडीचशे ते तीनशे ओळी जमतात. अंतर आणि वेळ आता मनगटावरचं घड्याळही टिपतं, पण नडगी कुठे दुखते ते त्याला कळत नाही. म्हणून वही.

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. ही स्पर्धा २००४ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या कित्येक धावपटूंचं वर्ष तिच्याभोवती बांधलं गेलं. तिथे वेळ कोसळली की घरी आल्यावर वही मागे मागे चाळली जाते. डिसेंबरच्या पानांवर कारण क्वचितच सापडतं. ते असतं मे, जून, जुलैत, आणि बहुतेक वेळा एकच असतं : हळू पळायच्या दिवशी जोरात पळणं झालेलं असतं.

दृश्य : पहाटेचा रस्ता. दोघं गप्पा मारत पळताहेत.

निवेदन : आकड्यांत बघू. मॅरेथॉन ३ तास १५ मिनिटांत संपवायची तर किलोमीटरमागे ४ मिनिटं ३७ सेकंदांचा पेस लागतो. अशा धावपटूचा इझी रन साडेपाच ते सहा मिनिटांच्या पेसने व्हायला हवा. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये श्वास न तोडता. आठवड्याच्या अंतरातला साधारण ८० टक्के भाग असा असावा. उरलेल्या २० टक्क्यांत टेम्पो (सलग जोरात पळणं), इंटरव्हल (मध्ये दम घेत मारलेले जलद तुकडे) आणि चढ.

पाय हलके वाटतात, पुढे कुणीतरी दिसतं, आणि पेस नकळत पाचवर येतो. त्या धावेत धड विश्रांती नसते, धड सरावही नसतो. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर १००० मीटरच्या सहा फेऱ्या ४:०५ ते ४:१०ने मारायच्या असतात. पहिल्या तीन जमतात, चौथीला पाय उचलत नाहीत. वहीत लिहिलं जातं, ‘आज दम नव्हता.’ दम होता, तो आदल्या दिवशी खर्च झाला होता.

संथ धावेने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबीतून जास्त ऊर्जा घ्यायला शिकतं. पण त्याहून महत्त्वाचं हे, की हाडांना आणि कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, वेळ मिळतो. दमसास काही आठवड्यांत सुधारतो. कंडरा आणि हाडं भार पेलायला तयार व्हायला महिने घेतात. छाती म्हणते अजून पळू, टाच अजून तयार नसते. बहुतेक दुखापती या मधल्या काळात होतात. म्हणून अंतर वाढवायचं ते थोडं थोडं, आणि दर चौथ्या आठवड्यात ते पाऊण पटीवर आणायचं. आठवड्याला ४५ किलोमीटरवरून ७५वर जायला चार-पाच महिने लागले तरी ते वाया गेलेले महिने नव्हेत.

दृश्य : मे महिना. टी-शर्ट पिळून काढला जातोय. शेजारी वजनकाटा.

निवेदन : उन्हाळ्यात पेस मोजू नये, नाडी मोजावी. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि हृदयाला तेवढ्याच वेगासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. सोलापूर, नगरच्या कोरड्या हवेत घाम निदान वाळतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीला तो अंगावरून नुसता ओघळतो, आणि न वाळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. तिथे किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद सोडून द्यावेत, मनात काही न आणता. मनगटावरचा सेन्सर घामाने फसतो, कधी कधी नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजायला लागतो. आकडा सलग १७०-१८०वर अडकला आणि गप्पा मात्र चालू असल्या, तर छातीला बांधायचा पट्टा वापरावा.

याच महिन्यात घामाचं मोजमाप करून ठेवावं. पळण्याआधी वजन करायचं, तासभर पळून आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करायचं. वजन १ किलो घटलं आणि मध्ये २०० मिलिलिटर पाणी प्यालं गेलं, तर घाम गेला साधारण सव्वा लिटर. सगळं पाणी पळतानाच भरून काढायचं नसतं. घामापेक्षा जास्त पाणी प्यालं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं : मळमळ, डोकेदुखी, पुढे भान हरपणं. स्पर्धेनंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय, हे नक्की.

दृश्य : यवतेश्वर घाट. धुकं, ओला डांबरी रस्ता. कॅमेरा फक्त पावलांवर.

निवेदन : पावसाळा हा महाराष्ट्राच्या धावपटूला मिळालेला खरा मोसम आहे. हवा थंड, चढ हाताशी. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळा सरता सरता येते. पोवई नाका, समर्थ मंदिर, बोगदा, मग यवतेश्वरचा घाट. वर जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं.

सगळे चढाची तयारी करतात. पाय मोडतो तो उतार. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असतानाच भार अडवतो. अशा कामाने मांडीच्या पुढच्या स्नायूंचे तंतू जास्त दुखावतात, आणि ठणका एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतो. शनिवारी घाट उतरलेला माणूस सोमवारी जिना धरून उतरतो, तो यामुळे. उपाय एकच, उताराचाही सराव. सुरुवातीला दहा मिनिटं, सौम्य उतारावर. पाऊल आखूड, ठेका जलद, अंग मागे न झुकवता. मागे रेललं की टाच पुढे पडते आणि प्रत्येक पाऊल ब्रेक होऊन बसतं.

उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नखं सरळ कापलेली हवीत, आणि लेस सगळ्यांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून वळसा देऊन बांधलेली हवी, म्हणजे टाच मागे पक्की बसते. भिजलेल्या बुटातला आतला तळवा काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटतो आणि फोम कडक होतो. जोडी साधारण ६०० ते ८०० किलोमीटर चालते, म्हणून वहीत बुटांचा रकाना.

याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबर यांचं गाव. २०१२, २०१३ आणि २०१४, सलग तीन वर्षं त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. नंतर त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, धरली, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. तिथे त्या दहाव्या आल्या. शर्यत साडेनऊ मिनिटांच्या आतली, पण तिच्याखाली मॅरेथॉनची वर्षं होती. लांबचं पळणं वेग मारतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दृश्य : वहीतल्या तीन ओळी. ‘नडगी, थोडी.’ ‘नडगी, थोडी.’ ‘नडगी.’

निवेदन : ऑक्टोबर. या तीन ओळी सावकाश वाचायच्या. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर दुखतं आणि पाय तापल्यावर कमी होतं, तर अंतर आणि वेग कमी करून भागतं. दुखणं एका बोटाखाली मावतं, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायची, पळणं त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयत दिसते. एक्स-रे चांगला आला म्हणून परत पळायला लागणं, हीच चूक वारंवार होते.

महिला धावपटूंच्या वहीत आणखी एक रकाना हवा, पाळीचा. सलग तीन महिने पाळी चुकली तर पळण्याच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची दाट शक्यता असते, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. ‘जास्त पळतेस, होतं असं’ हे ऐकून गप्प बसायचं नाही, तपासून घ्यायचं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची चाचणीही वर्षातून एकदा व्हावी.

पोटरीसाठी पायरीवर टाचा उचलणं : गुडघा सरळ ठेवून पंधराची तीन आवर्तनं, गुडघा वाकवून तेवढीच, आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं आहे. टाचेमागची कंडरा याच कामाने मजबूत होते.

दृश्य : डिसेंबर. छातीवर बिब (स्पर्धकाचा क्रमांक), कमरेच्या पट्ट्यात खजूर आणि जेल (पळताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक).

निवेदन : ३० ते ३२ किलोमीटरचे लाँग रन. शेवटचे दहा-बारा किलोमीटर स्पर्धेच्या पेसने. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पोटालाही सराव लागतो. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घेतलेलं जेल पोटात गोळा होऊन बसतं. शेवटचे दोन दिवस भाकरी आणि उसळी बाजूला ठेवून भात, बटाटा, पोहे. वजन किलो-दीड किलो वाढेल. साठलेली साखर स्वतःसोबत पाणी धरून ठेवते, त्याचं ते वजन असतं. घाबरून जेवण कमी करू नये. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं, वेगाचे छोटे तुकडे मात्र ठेवायचे.

दृश्य : मुंबई, अजून अंधार.

निवेदन : ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग सगळ्यांत आखूड रेषेवरून मोजलेला असतो. गर्दी चुकवत, वळणं बाहेरून घेत पळणाऱ्याच्या घड्याळात ४२.६ भरतात. म्हणजे ३:१५साठी घड्याळावर ४:३७ नव्हे, ४:३४ दिसायला हवं. त्यापेक्षा प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण हाताने दाबावं. पहिले पाच किलोमीटर दहा-दहा सेकंद जलद गेले तर हाताशी पन्नास सेकंद येतात, आणि पस्तीस किलोमीटरनंतर, पेडर रोडच्या चढावर, त्याच्या कितीतरी पट जातात. तिथे पेस बघूच नये. श्वासाचा ठेका तोच ठेवावा, पाऊल आखूड करावं.

दृश्य : फेब्रुवारी. नवी वही. पहिल्या पानावर रकाने आखले जाताहेत.

निवेदन : स्पर्धेनंतर दोन आठवडे फक्त चालणं आणि झोप. मग पायरीवर एका पायावर टाच उचलून बघायचं, उजवीकडे किती आणि डावीकडे किती. दोन्ही पंचवीसच्या आसपास आणि सारखे आले की पहिली धाव, तीस मिनिटं, सपाट रस्त्यावर.