थांबायचं कोणी?

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात नव्या वाहनचालकांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मुलांनो, तुमच्यातल्या काहींकडे लर्निंग लायसन्स आहे, थोड्यांकडे पक्कं आहे आणि बऱ्याच जणांकडे नुसतीच गाडी आहे. बाहेरचं पार्किंग बघून मला एवढा अंदाज आला. नावं विचारणार नाही.

लर्निंगच्या परीक्षेत पंधरा प्रश्न असतात, नऊ बरोबर आले की पास. हल्ली ती घरी बसूनही देता येते. शेजारी बसून उत्तरं कोण सांगतं, तेही मी विचारत नाही. मग तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. दुचाकीवर पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा, चारचाकी रिव्हर्समध्ये एचमधून काढून दाखवायची. यातून तुम्हाला गाडी हलवता येते एवढं नक्की कळतं. पण त्या मैदानात समोरून कोणी येत नसतं. तुम्ही आठ काढताना मधूनच एखादी आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत नाही. पोवई नाक्यावर तुम्हाला कोणी आठचा आकडा काढायला सांगणार नाही. तिथे एकच प्रश्न असतो, आता थांबायचं कोणी?

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले. प्रत्यक्ष गाडी कशी चालवायची याचे विनियम वेगळे आहेत, २०१७ चे. ते वाचायला बसलात तर कंटाळा येईल, पण एक गोष्ट लक्षात येईल. त्यातले निम्मे नियम याच एका प्रश्नाचं उत्तर देतात. सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजव्या हाताकडून येणाऱ्याला. झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्याला. अॅम्ब्युलन्स मागून आली तर सगळ्यांनी बाजूला व्हायचं. नाही झालात तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, कलम १९४-ई. आणि घाटात, जिथे दोन गाड्या मावत नाहीत तिथे, उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची.

हा शेवटचा नियम आपल्या जिल्ह्यात फार कामाचा. यवतेश्वरचा घाट घ्या नाहीतर पसरणी घ्या. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे काय होतं ते तुम्ही बघता. वरून उतरणारा हॉर्न दाबतच येतो, जणू आधी हॉर्न मारला म्हणजे सातबारा त्याच्या नावावर झाला. चढणाऱ्याची गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलायला हाफ क्लच, हँडब्रेक, मागे घसरायची भीती, आणि नवशिक्याचा तर घामच निघतो. उतरणाऱ्याला ब्रेक दाबून थांबणं सोपं आहे. ज्याला थांबणं सोपं, त्याने थांबायचं, एवढं साधं कारण आहे. आणि सगळे नियम चाळलेत तरी ‘हॉर्न मोठा त्याचा रस्ता’ किंवा ‘गाडी मोठी त्याचा रस्ता’ असं वाक्य सापडणार नाही.

आता इंडिकेटर. इथे जरा थांबतो, कारण नव्या चालकाचा घोळ इथेच होतो.

हायवेला ट्रकच्या मागे आहात. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. याचा अर्थ काय? काही ड्रायव्हर तो देतात म्हणजे सांगतात, समोरून गाडी येतेय, ओव्हरटेक करू नको. काही तोच देऊन सांगतात, रस्ता मोकळा आहे, जा पुढे. आणि कधी कधी त्याला खरंच उजवीकडे ढाब्यावर वळायचं असतं. दिवा एक, अर्थ तीन, आणि त्यातला एक तुमच्या जिवावर बेतणारा. म्हणून ट्रकच्या इंडिकेटरवर कधीही ओव्हरटेक करायचं नाही. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर तर दिसला असं वाटलं तरी नाही. रस्त्याच्या मधली रेघ बघा. सलग असेल तर ओलांडायची नाही. सलग आणि तुटक अशा जोडीने असतील तर तुटक रेघ ज्याच्या बाजूला, त्याला ओलांडायची मुभा, दुसऱ्याला नाही.

दुसरा प्रकार, चारी इंडिकेटर लावून चौकातून सरळ जाणं. हे कोणी शिकवलं देव जाणे, पण सगळा महाराष्ट्र ते करतो. तुम्हाला वाटतं आपण ‘सरळ जातोय’ म्हणून सांगितलं. डाव्या गल्लीतून येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते, डावा दिवा लुकलुकतो. तो समजतो, ही गाडी आता इकडे वळणार, आणि तो निघतो. सरळ जायचं असेल तर काहीही लावायचं नसतं. चारी दिवे गाडी बंद पडून रस्त्यात उभी असेल तेव्हासाठी आहेत. पावसात चालत्या गाडीला ते लावले की तुमचा खरा इंडिकेटर कोणाला कळतच नाही.

सिग्नलबद्दल दोनच गोष्टी. पिवळा लागला म्हणजे थांबायचं. इतके जवळ आलेले असाल की ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळेल, तेवढ्यापुरतीच सूट. पिवळा बघून अॅक्सिलरेटर दाबणं ही आपली खास सवय. आणि डावीकडे वळायला लाल सिग्नल लागू नाही, हा समज डोक्यातून काढून टाका. फ्री लेफ्टची पाटी असेल तिथेच. नसेल तर तुम्ही सिग्नल तोडलात, आणि कॅमेऱ्याने फोटो घेतला की चालान घरी. ते वडिलांच्या मोबाईलवर जातं, कारण गाडी त्यांच्या नावावर असते. काहींना याचा अनुभव आहे, चेहऱ्यावर दिसतंय.

रात्रीचं मात्र नीट ऐका. कारखान्यांचा गाळप हंगाम चालू आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात वरपर्यंत ऊस, ऊस मागे लोंबतोय. मागचा दिवा असलाच तर चिखलाने माखलेला, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. वेग पंधरा-वीसचा. तुम्ही मागून साठने येताय. समोरून एक जण अप्पर लावून येतो, तुमचे डोळे दिपतात, आणि त्या दोन सेकंदांत पुढे ट्रॉली आहे हे तुम्हाला दिसतच नाही.

याचं गणित करून बघू, इथे सायन्सची मुलंही आहेत. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे सतरा ते पंचवीस मीटर. मग चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण चाळीस-पंचेचाळीस. आता वेग ऐंशी करा. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. नुसतं ब्रेकचं अंतर छत्तीस मीटर, प्रतिक्रियेचं धरून साठ-सत्तर. आणि लो बीममध्ये तुम्हाला दिसतं साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे ऐंशीला जी ट्रॉली तुम्हाला दिसली, ती दिसली तेव्हाच उशीर झालेला होता. मग ब्रेक कितीही भारी असोत.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणं ही ट्रॉलीवाल्याची आणि कारखान्याची जबाबदारी आहे, आणि ती ते पार पाडत नाहीत याचा मला राग आहे. पण हंगाम संपेपर्यंत रात्री त्या रस्त्यावर तुम्ही आहात. समोरून अप्पर आला तर आपणही अप्पर लावून सूड उगवायचा नाही. आपला दिवा खाली करायचा, अॅक्सिलरेटर सोडायचा, नजर समोरच्या दिव्यावरून काढून आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. वेग कमी करायची लाज वाटत असेल तर रात्री एसटीने जा.

मोबाईलचं याच गणितात येतं. साठच्या वेगात तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की पन्नास मीटर डोळे मिटून गेलात. हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात धरलंय. सिग्नल तोडणं आणि राँग साइडने येणंही त्यातच. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद होऊ शकते. पोरं फक्त दंडाचा आकडा लक्षात ठेवतात.

उतार. चारचाकीवाल्यांनो, घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्ही ऐकून आहात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एक अवजड गाडी एकामागून एक गाड्यांना धडकत गेली, आणि उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. आपल्याकडे खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण तसंच. बोगद्यातून बाहेर आल्यावर उजेड दिसतो, रस्ता मोकळा वाटतो आणि पाय आपोआप दाबला जातो. तिथे उलट पाय काढायचा.

हेल्मेटवर मी भाषण देणार नाही. पुण्यात त्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, तिथे मी काय सांगणार. एक आकडा देतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात पन्नास हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यातले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. तेव्हा मागच्यालाही हेल्मेट, आणि पट्टा लावलेला. कायद्यात नुसतं घालायला सांगितलेलं नाही, घट्ट बांधायला सांगितलंय. कोपराला अडकवलेलं हेल्मेट कोपर वाचवतं. गाडीत मागच्या सीटवरचा बेल्टही तसाच सक्तीचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मोठी होती, एअरबॅग होत्या, पण ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता.

आता सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, हे खरं. पण ते विनागिअर, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. दारात उभी असलेली तुमची स्कूटर एकशे दहा किंवा सव्वाशे सीसीची आहे. त्या गाडीसाठी ते लायसन्स म्हणजे लायसन्स नाहीच. कलम १९९-ए असं सांगतं की अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला. त्याला जामीन देताना निबंध लिहायला सांगितला, आणि सगळ्यांनी त्या तीनशे शब्दांच्या निबंधाची चेष्टा केली. पण त्या प्रकरणात वडिलांनाही अटक झाली, हे पालकांनी लक्षात ठेवावं. आणि विमा? लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे न्यायालयांचे कितीतरी निकाल आहेत. म्हणजे शेवटी शेत विकायची वेळ घरच्यांवर येते.

शेवटचं, अपघात झाला तर. तुमच्या हातून झाला तर पळायचं नाही. कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणं ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव अंगावर आला आणि जिवाला धोका असेल तर मात्र सरळ पोलीस ठाणं गाठा, जास्तीत जास्त चोवीस तासांत. दुसऱ्याचा अपघात दिसला तर १०८ लावा. पूर्वी लोक घाबरायचे, मदत केली तर साक्षीला खेटे घालावे लागतील म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-ए आलं. मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही, आणि दवाखाना त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळायची योजनाही आहे.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. एका विद्यार्थिनीने विचारलं: ‘लर्निंग असताना मैत्रिणीला मागे बसवून कॉलेजला आलं तर चालतं का? तिच्याकडे पक्कं लायसन्स आहे.’)

ती तुला शिकवायला बसली असेल आणि तिच्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असेल तर चालतं. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. तिचं लायसन्स घरी राहिलं असेल तर डिजिलॉकरमधलं चालेल, पण त्याची मोबाईलमध्ये गॅलरीतली फोटोप्रत चालणार नाही. आणि तुम्ही दोघी कॉलेजला यायला निघालात की शिकायला, ते हवालदाराला तुमच्या गप्पांवरून कळतं.