चामखिळींसकट माणूस

मित्रहो, इंग्रजीत ‘वॉर्ट्स अँड ऑल’ असा एक वाक्प्रचार आहे. चामखिळींसकट, म्हणजे माणूस आहे तसा, काहीही न झाकता. त्यामागे ऑलिव्हर क्रॉमवेलची गोष्ट सांगतात. 1649 मध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि 1653 मध्ये क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ म्हणून देशाचा सर्वेसर्वा झाला. पीटर लेली हा चित्रकार त्याचं चित्र काढणार होता. क्रॉमवेलनं त्याला बजावलं म्हणे, तुमचं सगळं कसब पणाला लावा, पण माझी खुशामत नको. पुटकुळ्या, चामखिळी, दिसेल ते सगळं येऊ द्या, नाहीतर एक छदामही देणार नाही.

ही हकिगत छापून आली होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाच्या ग्रंथात, 1760च्या दशकात. क्रॉमवेल वारला 1658 मध्ये. म्हणजे मधे शंभर वर्षं गेली, आणि तीही ऐकीव गोष्ट. तेव्हा तो असं बोललाच, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. चित्र मात्र आहे, बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात. खालच्या ओठाखाली ठसठशीत चामखीळ, नाक जाड, चेहरा थकलेला. सॅम्युअल कूपरनं काढलेल्या लघुचित्रातही तीच चामखीळ आहे. लेलीनं आपलं चित्र त्यावरूनच बेतलं असावं, असं जाणकार मानतात.

पुढे राजेशाही परतली आणि 1661 मध्ये हाच लेली दुसऱ्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार झाला. दरबारातल्या स्त्रियांची चित्रं त्यानं अशी काढली की सगळ्यांचे डोळे तसेच जडावलेले, सगळ्या एकीसारख्या एक. 1668 मध्ये ती पाहून सॅम्युअल पेपिस या प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकारानं नोंदवलं, चांगली आहेत, पण हुबेहूब नाहीत. हात तोच होता, कसबही तेच. बदललं ते समोरच्याचं मागणं.

म्हणून मला त्या गोष्टीतला ‘कसब पणाला लावा’ हा भाग फार मोलाचा वाटतो. हल्ली कुणाची लफडी बाहेर काढली की ते पुस्तक ‘वॉर्ट्स अँड ऑल’ ठरतं. हा वापर मला चुकीचा वाटतो. नुसत्या चामखिळी काढल्या तर चेहरा कुठून दिसणार? लेलीच्या चित्रात क्रॉमवेलची करारी नजरही आहेच, आणि त्या नजरेमुळेच चामखीळ खरी वाटते.

आपल्याकडे थोरामोठ्यांची चरित्रं बहुधा आरतीच्या सुरात लिहिली जातात, आणि कुणी दोष दाखवला की भावना दुखावतात. पण याच मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आहे. नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, तापट, लहरी स्वभाव त्या लपवत नाहीत. टिळक न सांगता घरातून निघून जात, हे त्या सांगतात. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांचे झालेले हालही सांगतात. स्वतःच्या अडाणीपणालाही ही बाई सोडत नाही. आणि तरी वाचताना टिळकांचा राग येता येता त्यांच्यावर जीव जडतो, कारण रागीट टिळक आणि अंगावरचंही दुसऱ्याला देऊन टाकणारे टिळक तिथे एकाच घरात नांदतात. लक्ष्मीबाईंना दोघांबरोबरही संसार करायचा होता, त्यामुळे कुणा एकाला वगळून लिहिणं त्यांना जमलंच नसतं.