मुका मार

आपल्याकडे 'मुका मार' म्हणतात ना, वरून काहीच दिसत नाही, रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणकत असतं. प्राण्यांच्या वेदनेचा विषय निघाला की मला हाच शब्द आठवतो, कारण आपण आधी बघतो ते ओरडला का. नाही ना ओरडला, मग दुखत नसेल. आता ज्यांची शिकार होते ते प्राणी दुखणं लपवणारच, लंगडणारं हरीण वाघाच्या नजरेत आधी भरतं.

बरं, ओरडलं तर आपण मानतो का? माणसाचं तान्हं बाळ घ्या, ते तर बेंबीच्या देठापासून ओरडतं. तरी १९८० च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांची ऑपरेशनं जवळपास भूल न देताच व्हायची, बाळ हलू नये म्हणून फक्त स्नायू ढिले करणारं औषध द्यायचे, आणि हे करणारे डॉक्टर काही दुष्ट नव्हते हो, त्यांना खरंच वाटायचं की एवढ्याशा जिवाला कळत नाही, ते रडणं नुसतं रिफ्लेक्स आहे, शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया. १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण बराच कमी निघाला. म्हणजे ओरडलं नाही तर दुखत नाही, ओरडलं तर नुसतं रिफ्लेक्स; छापा पडला तरी आपण जिंकलो, काटा पडला तरी आपणच.

मग प्राण्याला दुखतंय का हे विचारायचं कसं? काही लोकांनी फार छान विचारलंय. पाय अधू झालेल्या ब्रॉयलर कोंबड्यांसमोर दोन रंगांचं खाद्य ठेवलं, एकात पेनकिलर. धडधाकट कोंबड्यांपेक्षा लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं वाईट तितकं जास्त.

माझा आवडता प्रयोग मात्र शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा. शंखाच्या आत बारीक शॉक दिला की काही खेकडे घर सोडून बाहेर येतात. पण शंख त्यांच्या आवडीच्या जातीचा असेल तर तसे कमी बाहेर येतात, सहन करतात. रिफ्लेक्स घर कसंय ते बघत नाही हो, चटका बसला की हात मागे येतो, हातात काय आहे ते विचारत नाही. इथे तो एवढासा जीव काहीतरी तोलतोय. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडं, ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राण्यांत धरलंय ते असल्याच पुराव्यांवर.

झाडांचं काय, हे कुणीतरी विचारणारच. झाडाला मज्जासंस्था नाही, पुढे जाऊया.

खरं अवघड पुढेच आहे, कारण सगळीकडे शंका नाहीचे. वासराची शिंगं वाढू नयेत म्हणून कोंब तापल्या लोखंडाने जाळतात, जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि वर पेनकिलर दिलं तर त्रास बराच कमी होतो हे माहितीये, तरी कित्येक ठिकाणी देत नाहीत. तिथे वासराला दुखत नाही असं कुणी म्हणतच नाही, म्हणतात एवढ्या वासरांना इंजेक्शन द्यायला वेळ कुठेय.