टबातला फेस कुठून येतो

(दापोली परिसरातल्या होमस्टेवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पावसाळा लागला की मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर मळकट फेस वाऱ्यावर गडगडत येतो. समुद्रात कोणी केमिकल सोडलं, अशी बोंब होते. बहुतेक वेळा तसं नसतं. शेवाळ आणि सूक्ष्म जीव कुजून त्यांची प्रथिनं पाण्यात उतरतात आणि लाटा ते पाणी घुसळतात. वरण उकळताना पातेल्यात फेस चढतो, तोही डाळीतल्या प्रथिनांमुळे. तुमच्या अंगणातल्या हॉट टबात लाटांचं काम जेट, म्हणजे पाण्याचे जोरदार फवारे, करतात, एवढाच फरक.

निव्वळ पाण्याचा बुडबुडा टिकत नाही, लगेच फुटतो. तो टिकायला एक टोक पाण्याला धरणारं आणि दुसरं पाण्यापासून पळणारं असा रेणू लागतो. साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर, सनस्क्रीनमधली पायसकं (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी द्रव्यं), सगळी याच जातीची. रिठ्यातलं सॅपोनिनही तेच करतं. नुसतं खोबरेल मात्र फेस करत नाही. त्याचा तवंग येतो, टबाच्या काठाला ओशट कड धरते आणि फिल्टर चोंदतो.

आता एक हिशेब मांडू. बाराशे लिटरच्या टबात चार माणसं बसली, म्हणजे माणशी तीनशे लिटर. ऑलिंपिकचा तलाव साधारण 25 लाख लिटरचा. त्यात हीच दाटी करायची तर आठ हजारांवर माणसं उतरवावी लागतील! एवढ्याशा पाण्यात चार जणांचा घाम, केसांतला शाम्पू आणि पोहण्याच्या कपड्यांत उरलेली पावडर उतरते. यातली पावडर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

एका होमस्टेत दर रविवारी संध्याकाळी टब उतू जायचा. मालक क्लोरीन बदलून थकले. मी शनिवारी जाऊन बसले, तर कामाला येणारी मुलगी भांड्यांच्या लिक्विडने टबाचं झाकण आतून पुसत होती. तिची काही चूक नाही, तिला स्वच्छ करायलाच सांगितलं होतं.

आपल्या पाण्याचाही यात वाटा आहे. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ, कॅल्शियम कमी. त्यात साबण चटकन फेसाळतो. खाडीकाठच्या मचूळ विहिरीवर तोच साबण फुटतो, हे इथल्या बायकांना शिकवायला नको. टबाच्या पाण्यात कॅल्शियमचा कठीणपणा 150 ते 250 पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) असावा. तो शंभराने वाढवायला हजार लिटरला सुमारे दीडशे ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट लागतं. ते आधी बादलीत विरघळवा. पण कॅल्शियम साबणाला आवरतं, शाम्पू आणि पावडरीपुढे ते फारसं चालत नाही.

फेस मारणारं औषध बाजारात मिळतं. घातलं की फेस बसतो, पण ज्यामुळे आला ते पाण्यातच राहतं. पाहुणे दारात उभे असतील तेव्हा वापरा, रोज नको. स्वस्त शेवाळनाशकांतली काही तर स्वतःच फेस करतात.

खरा उपाय म्हणजे टबात उतरण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ, आणि पोहण्याचे कपडे पावडर न लावता खळबळून काढणं. क्लोरीन किमान 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 ठेवा. फिल्टर नियमित धुवा. फेस वरचेवर येऊ लागला की पाणी पूर्ण बदला. बदलताना नळ्यांतूनही पाणी फिरवून काढा, कारण जुना चिकटा तिथेच बसलेला असतो.

घरी गेल्यावर एवढं करून बघा. एका बाटलीत विहिरीचं पाणी अर्धं भरा, दुसरीत टबाचं. दोन्ही जोरात हलवून ओट्यावर ठेवा. फेस टबाच्याच बाटलीत टिकला, तर विहिरीला दोष देऊ नका. दोन्हींत टिकला, तर मला बोलवा, विहिरीत काय झिरपतंय ते आपण बघू.