ज्या बाटलीत आधी गॅस होता ती

श्रोतेहो, नमस्कार. आज मी बोलणार आहे रिकाम्या बाटल्यांवर, आणि त्याही बिअरच्या. कुणाकडे आजीबाई रेडिओजवळ बसल्या असतील तर त्यांनी लगेच आवाज कमी करू नये, कारण आमच्या घरी त्यात भरते ती जिंजर बिअर. म्हणजे अद्रक, लिंबू, साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट, दीड-दोन दिवस बाहेर ठेवायचं, फसफसलं की फ्रीजमधे. पन्ह्यावर माझा काही राग नाही, पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की रोज रोज पन्हं पिऊन पोरं कंटाळतात न.

खरी बिअर करतो तो माझा भाचा, मेलबर्नला. तिकडे स्वतःपुरती घरी केलेली चालते. आपल्याकडे नाही चालत बरं का, 1949 चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्स नसताना घरी बिअर काढणं हा गुन्हाच, आणि इथून, नागपूरहून, दीड तासावरच्या वर्धा जिल्ह्यात तर ती विकतही मिळत नाही. तर बिअर त्याची, अद्रक माझं, पण दुखणं दोघांचं एकच, बाटलीत गॅस तयार होतो आणि त्याला बाहेर यायचं असतं.

हे मला कळलं एका रात्री. पहिल्या वर्षीची गोष्ट. ह्यांच्या मित्राने कधीतरी आणलेली महागाची व्हिस्कीची चौकोनी बाटली घरात पडून होती, जाड काच, स्क्रूचं झाकण, दिसायला इतकी देखणी की टाकवेना. मी म्हटलं यातच भरू. एप्रिल होता, भरून ओट्यावर ठेवली आणि झोपलो. रात्री अडीचला असा आवाज झाला की मला वाटलं सिलिंडर गेलं. हे उठले, मी उठले, लाईट लावून पाहते तर छताला अद्रकाचे रेषे चिकटलेले, ओटा चिकट, आणि काच कुठे कुठे, तर समोरच्या फळीवर तुरीच्या डाळीचा डबा उघडा राहिला होता त्या डाळीत. पाच किलो डाळ फेकली हो. आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या, त्या वेगळ्याच.

भाच्याला फोन केला. त्याने हसून घेतलं आधी, मग एकच विचारलं, मावशी, त्या बाटलीत पहिले जे होतं त्यात गॅस होता का?

बस, एवढंच. पुढचं सगळं मी या एका प्रश्नावर शिकले. व्हिस्कीत गॅस नसतो, ती बाटली फक्त आतलं द्रव सांभाळायला केलेली असते, कितीही जाड दिसो. त्यातून चौकोनी. गॅस सगळ्या बाजूंनी सारखा ढकलतो, गोल बाटलीत तो ताण सगळीकडे वाटला जातो, चौकोनीत सपाट बाजू बाहेर फुगायला बघते आणि सगळा जोर जाऊन बसतो कोपऱ्यांवर. म्हणून खंबा नाही, क्वार्टर नाही, सॉसची नाही, मधाची नाही. वाईनचीही नाही, साध्या वाईनला गॅस नसतो, तिचं लाकडी बूच तरी उडेल नाहीतर काच तरी जाईल. शॅम्पेनची चालते, पण ती आपल्याकडे कोण पितं आणि पिऊन बाटली मला आणून कोण देतं.

राहिली बिअरची. कारखान्यात ती गॅसवाली बिअर भरून वरून गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली साधारण 60 डिग्रीपर्यंत तापवतात, टिकावी म्हणून, म्हणजे तेवढा दाब सोसायलाच ती केलेली असते. मग मी गेले इतवारीकडे एका गल्लीत, कबाड्याकडे. साडी नेसून, हातात दोन बाजाराच्या पिशव्या.

म्हटलं, भाऊ, बिअरच्या बाटल्या आहेत का?

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. ताई, भरलेल्या इथं नाही भेटत, पुढच्या चौकात हाय दुकान.

रिकाम्या पाहिजेत, चोवीस.

चोवीस? कायले पायजेत बाप्पा इतक्या? प्यालेल्या लोक आणून देतात माझ्याकडं, घेऊन जाणारं तुम्हीच पहिलं पाह्यलं.

पण माणूस भला निघाला. पोत्याची थप्पीच दाखवली. त्याच्याकडून मला एक गोष्ट कळली जी भाच्यालाही माहीत नव्हती. आपल्याकडे 650 मिलीची ती मोठी तपकिरी बाटली गोळा होऊन परत कारखान्यात जाते, धुऊन पुन्हा भरतात. किती फेऱ्या झाल्या ते बाटलीच अंगावर लिहून ठेवते. खांद्याजवळ एक आणि बुडाजवळ एक असे दोन पांढुरके पट्टे असतात, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना घासून घासून तिथली काच खरबरीत झालेली. अंगावरचा पट्टा जितका रुंद आणि पांढरा तितकी बाटली म्हातारी. मी तरण्या निवडल्या. कबाडी म्हणे, लग्नासाठी पोरगी पाहाले आल्या का जी.

तोंड तपासायची युक्ती मात्र माझी स्वतःची. बोट फिरवू नका, टवका असला तर कापेल. मी पदर घेतला आणि बाटलीच्या तोंडावरून गोल ओढला, जिथे धागा अडकतो तिथे काच उडालेली आहे, ती बाटली बाजूला. टवका उडालेल्या तोंडावर बूच बसलं तरी गॅस हळूहळू निघून जातो आणि चार दिवसांनी हातात येतं अद्रकाचं सपक सरबत. छोट्या बाटल्यांपैकी काहींच्या तोंडाला बारीक आटे असतात, हाताने फिरवून उघडायच्या त्या, त्याही नका घेऊ, घरच्या मशीनने त्यावर बूच नीट धरत नाही.

आणि नाक लावा. हे परदेशातल्या कुणाला सांगावं लागत नसेल, आपल्याला लागतं, कारण बिअरची बाटली आपल्याकडे बिअरवर थांबतच नाही, तिच्यात फिनाईल येतं, रॉकेल येतं, टॉयलेटचं ॲसिड येतं. चोवीसमधल्या तीन अशा निघाल्या. एकीत बिडीचं थोटूक होतं, ते धुऊन निघतं, पण रॉकेलचा वास गेलाच असं छातीठोक सांगता येत नाही, मग कशाला जीव धोक्यात घाला. परत दिल्या, बदलून घेतल्या.

तिथेच एका कोपऱ्यात गोटी सोड्याची जुनी बाटली दिसली, कंच्यावाली. जीव अडकला माझा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1870 च्या सुमारास काढलेली युक्ती ही, गळ्यात काचेची गोटी आणि वर रबराची रिंग, आतला गॅसच गोटीला वर दाबून धरतो. पण घरी कशी भरणार? ती उलटी धरून दाबाने भरावी लागते, आपल्या अद्रकात सुरुवातीला गॅसच नसतो, गोटी खालीच लोळत बसणार. तरी आणली. शोकेसमधे आहे.

धुणं सोपं. बादलीत गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, बाटल्या रात्रभर बुडवून ठेवायच्या, सकाळी लेबल आपोआप सुटून तरंगतं. मग लांब दांड्याचा ब्रश, आणि उन्हाकडे धरून आत पाहायचं, तळाशी धुरकट गोल दिसला तर परत. गार बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, तडकते. माझी चूक झाली ती वाळवण्यात. चोवीस बाटल्या गच्चीवर उलट्या लावून ठेवल्या, कुर्डयांच्या बाजूला, आणि संध्याकाळपर्यंत तिसऱ्या घरच्या वहिनी खाली येऊन विचारत होत्या, भावजींची तब्येत बरी आहे न? हे तेव्हापासून गच्चीवर जात नाहीत.

रंगाचं आता. भाच्याला तपकिरीच लागते, हिरवी नको, पांढरी तर मुळीच नको. बिअरमधे हॉप्स नावाची कडू फुलं असतात, त्यांच्या कडूपणावर उजेड पडला की गंधकाचा एक पदार्थ तयार होतो आणि बिअरला घाण वास मारतो, तिकडे स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर फवारतो न, तसला. तपकिरी काच तो उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. अद्रकाला हॉप्स नाहीत, तेव्हा आपल्याला रंगाचं सोयरसुतक नाही, पांढरीही चालेल. हे मला चोवीस तपकिरी आणल्यावर समजलं.

बूच म्हणजे ते टिनाचं दातेरी. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने 1892 मधे त्याचं पेटंट घेतलं. घरात कुठे सापडलं तर दाते मोजून पाहा, 21 भरतात. ते दाबायचं हाताचं मशीन भाच्याने बॅगेत घालून आणलं होतं, दोन दांडे खाली ओढले की खट्ट. तारेच्या कडीच्या बाटल्याही मिळतात, चिनीमातीचं बूच आणि खाली रबराची रिंग, कुकरला असते तशीच, फक्त पिटुकली. त्या छान, पण रिंग कडक झाली की बदला.

आता खरी गोम ऐका. भाचा बिअर पूर्ण आंबवतो, दोनेक आठवडे, त्यातली यीस्टला खाता येणारी सगळी साखर संपवतो, आणि मग बाटलीत मोजून साखर घालतो, 650 मिलीला एक सपाट चमचा, साधारण 4 ग्रॅम. तेवढी खाऊन यीस्ट गप्प. लिटरमागे 4 ग्रॅम साखरेतून जवळपास एक लिटर गॅस होतो, आणि बिअरमधे तो तिच्या आकारमानाच्या अडीचपट असतो, थोडा आधीचाच मुरलेला. हिशोब जमतो, काच टिकते. आणि माझ्या अद्रकात? लिटरला 100 ग्रॅम साखर, गोड लागायला पाहिजे न. यीस्टने ती सगळी खाल्ली तर पंचवीसपट गॅस. ते धरून ठेवणारी बाटली कुणी केलेलीच नाही, बिअरची नाही, शॅम्पेनची नाही. आणि दारू होईल ती वेगळीच. फ्रीजमधे ठेवलं की यीस्ट झोपतं म्हणून आपण वाचतो, पण लाईट गेली तर, विसरलो तर, लग्नाला चार दिवस गोंदियाला गेलो तर?

म्हणजे बघा, मी ऊन्हातान्हात इतवारी पालथी घातली आणि माझ्या कामाची बाटली घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यात होती. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची. तिच्यातही गॅस होताच की. पाण्याची बाटली नाही हं, ती पातळ असते. कोल्ड्रिंकचीच, तिचं बूड पाहा, फुलासारखं पाच पाकळ्यांचं असतं, ते नुसतं उभं राहायला नाही, सपाट बूड दाबाने फुगून बाहेर आलं असतं. ही फुटली तरी काच उडत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे ती बोलते. भरताना वर दोन बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा, आणि दर चार-सहा तासांनी अंगठ्याने दाबून पाहा, आधी पिचकते, मग अंगठा कमी कमी रुततो, आणि दगडासारखी लागली की तशीच उचलून फ्रीजमधे. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी भरलेली रात्रीपर्यंतच टणक होते कधीकधी. भाच्याची बिअर महिनोन्‌महिने ठेवायची असते, प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत जाते म्हणून त्याला काच. माझी आठवडाभरही उरत नाही. धुताना फक्त कोमट पाणी, उकळतं ओतलं तर आकसून वाकडी होते.

त्या चोवीस तपकिरी बाटल्या मी मागच्या आठवड्यात कबाड्याला परत द्यायला गेले, सोबत एक अद्रकाची, प्लास्टिकमधली, त्याच्यासाठी, बर्फाच्या डब्यात घालून. त्याने आधी चोवीस मोजून घेतल्या, दरही कमीच लावला. मग ती हातात घेतली, आणि मी काही सांगायच्या आत अंगठ्याने दाबून पाहिली.

टाइट हाय जी, म्हणाला.

म्हटलं हळू उघडा भाऊ, आणि बाटली तेवढी परत देजा.

नमस्कार.